दोनदा ठोकणारी मशीन

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, सुरतला आल्यापासून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, आणि लूमच्या कारखान्यात ओरडल्याशिवाय कोणाचं कोणाला काही कळत नाही. पुढे पुढे आबांचे कानही गेले. पूर्ण नाही, पण निम्म्याच्या वर. मग घरीही तेच. मीठ मागायचं तरी ओरडून. नवागामच्या चाळीत आमच्याकडे आज काय शिजणार हे शेजारणीला आईच्या आधी कळायचं. मला याची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा पुष्कळ गोष्टींची लाज वाटायची. आमच्या अहिराणीची, आबांच्या केसांत अडकलेल्या सुताच्या भुसाची, डब्यातल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची. वय एकवीस, आणि अक्कल मोजायलाच नको.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. दिवसा मी कपडा मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचो आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. वापरलेली होती, पण वाजायची झकास. तिच्या जोरावर एका गरब्याच्या ऑर्केस्ट्रात शिरलो होतो. तिथला कर्ताधर्ता कीबोर्डवाला, माणूस फटकळ. त्याने सरळ सांगितलं होतं की नवरात्रीच्या आधी इको आण, नाहीतर मी दुसरा गिटारवाला बघतो. इको म्हणजे पायाने दाबायची एक लहानशी पेटी. गिटारचा एक सूर छेडला की थोड्या अंतराने तो परत येतो, मग परत, मग आणखी परत. कॅसेटमधली गिटार लांबवर घुमत गेल्यासारखी वाटते ना, ती या पेटीमुळे.

मी महिनाभर चौकशा केल्या. या पेट्या दोन जातीच्या. एक जुन्या धाटणीची, अॅनालॉग. तिच्यात परत येणारा सूर दर वेळी थोडा मळत, मऊ होत जातो आणि शेवटी विरतो. दुसरी नवी, डिजिटल. तिच्यात सूर जसाच्या तसा परत येतो, काचेसारखा लख्ख. जाणकार म्हणायचे, गर्दीच्या वाद्यांत अॅनालॉगच घे, ती मागे राहते, अंगावर येत नाही. माझं ठरलं होतं. अॅनालॉगच घ्यायची.

मशीन घ्यायची म्हटल्यावर आबा निघाले. त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा. आमच्या लोकांत जुना लूम कधी कोणी एकट्याने घेत नाही. सोबत एक मुरलेला कारीगर न्यायचा. तो मशीन चालू करायला लावतो, चौकटीवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि सांगतो की घ्या, नाहीतर सोडा. आबांचा शेठ स्वतः त्यांना घेऊन जायचा. कान गेल्यापासून तर त्यांचा हात जास्तच बोलायला लागला होता. आडवा धागा घेऊन धावणारा धोटा लूमच्या कडेच्या पेटीत जाऊन आदळतो तो ठोका त्यांना तळहातात कळायचा. पेटी ढिली असली की धोटा उसळतो आणि दुसरा, बारीक ठोका पडतो. तो सापडला की आबा हात काढून घ्यायचे आणि मशीन नापास. लाइटची, म्हणजे वीजकपातीची सुट्टी होती, लूम बंद होते, आबा आंघोळ करून धुतलेला शर्ट घालून तयार. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

भागळकडच्या एका गल्लीत वाद्यांचं दुकान होतं. बाहेर हार्मोनियम, ढोलक, आत काचेच्या कपाटात परदेशी माल. दोन-तीन कॉलेजची मुलं गिटार बघत उभी, गुळगुळीत, पैसेवाल्या घरची. मी आबांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि माझ्या सगळ्यात चांगल्या गुजरातीत दोन्ही पेट्या दाखवायला सांगितल्या. दुकानदाराने आधी जुनी जोडली. पिवळा रंग उडालेली, तीन बटणांची. मी तार छेडली. सूर गेला, परत आला, मऊ झाला, विरला. अंगावर काटा आला माझ्या. हीच ती.

तेवढ्यात आबा स्टुलावरून उठले. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मला खुणेने सांगितलं, वाजव. मी वाजवलं. त्यांनी हात झटकन काढून घेतला आणि कारखान्यात बोलतात त्या आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"हाई बिघडेल शे! दोनदाव ठोकस!"

ही बिघडलीय, दोनदा ठोकतेय. दुकानदाराला शब्द कळले नसावेत, पण भाव कळला. त्याने मला विचारलं आणि मी, मूर्खासारखा, त्याला गुजरातीत उलगडून सांगितलं. तो पोट धरून हसला. पोरंही हसली. दोनदा ठोकण्यासाठीच तर लोक ही पेटी घेतात, आणि हे काका ती नापास करतायत. मग दुकानदाराने डिजिटल जोडली. आबांनी परत हात ठेवला, आणि या वेळी तर तोंड कडू केलं. माझ्याकडे वळून, जुन्या पेटीकडे बोट करत तितक्याच मोठ्याने सांगायला लागले की दोन्ही ढिल्याच आहेत, पण घ्यायचीच असली तर जुनी घे, तिचा ठोका निदान आपोआप मरतो, हिचा मरतच नाही.

आता मला कळतं की त्यांचा तळहात महिनाभराच्या माझ्या चौकशांइतकंच बरोबर सांगत होता. तेव्हा मात्र मला फक्त ती पोरं दिसत होती. एक जण आबांची नक्कल करत डोळे मिटून काउंटरवर हात ठेवून उभा होता. आणि मी हसलो. नाइलाजाने नाही, तोंड लपवून नाही. त्यांच्याकडे बघून, त्यांच्यातला एक असल्यासारखा, दात काढून हसलो.

आबांना ऐकू कमी यायचं, पण दिसायचं लख्ख. ज्याचे कान गेलेत तो माणूस दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांवरच तर जगतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि परत स्टुलावर जाऊन बसले. मी डिजिटल बांधायला सांगितली. का, तर आबांनी जुनी सुचवली होती. त्यांचं ऐकून घेतली असं त्या पोरांसमोर दिसायला नको होतं. एवढंच कारण. दुसरं काहीही नाही.

परतताना आबांनी रिक्षावाल्याला वळणंही हाताच्या खुणेनेच दाखवली. मला वाटलं, थकले असतील. पण पुढच्या दिवसांत आई म्हणायला लागली की यांना काय झालंय, दुकानात जातात आणि खुणेने साखर मागतात. कधी बोललेच तर इतकं हळू की समोरच्याला दोनदा विचारावं लागायचं. आपला आवाज किती जातोय हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं, म्हणून ते तो तळाशीच ठेवत. मला सगळं कळत होतं. मी आईला म्हणालो, वय झालं.

पेटीचं म्हणाल तर तालमीत पहिल्याच दिवशी वाट लागली. गरब्याची लय चढली की माझा प्रत्येक परतलेला सूर ढोलाच्या दोन थापांच्या मधे खणखणीत येऊन पडायचा. कमी करून पाहिला, अंतर बदलून पाहिलं. ढोलवाला चुकायला लागला. शेवटी कीबोर्डवाल्याने हात जोडले आणि ती बंद करायला लावली. नवरात्र तोंडावर होती, दुसरा कोणी मिळत नव्हता, म्हणून मी टिकलो. बंद पेटी पायाशी ठेवून कोरडी, इकोशिवायची गिटार वाजवत राहिलो.

एका रविवारी दुपारी गोडादऱ्याच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. मी डबा विसरलो होतो, तो घेऊन आबा आले. दारात उभे राहिले. आत या म्हणून मी खूण केली. ते भिंतीच्या कडेने, कोणाच्या मधे न येता माझ्या स्पीकरपर्यंत आले. गाणं थांबलं होतं, मी नुसतीच तार लावत होतो. त्यांनी हळूच खोक्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी एक सूर छेडला. ते थांबले. दुसऱ्या ठोक्याची वाट बघत होते. तो आला नाही. मी परत छेडला. परत एकच.

त्यांचा चेहरा उजळला. लूमवाले गोंगाटात बोलतात तसं त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं, आणि कोणाला ऐकू जाणार नाही याची काळजी घेत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"आते एकच दाव ठोकस. तू दुरुस्त करी लिधं. बेस करं."

आता एकदाच ठोकते, तू दुरुस्त करून घेतलीस, छान केलंस. मला बोलायचं होतं. हो आबा, तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. पण त्यांना ऐकू जायला ते ओरडून बोलावं लागलं असतं, अहिराणीत, आणि ऑर्केस्ट्रातले सगळे जण आमच्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली आणि डबा घेतला.