मागाचं घर

नव्वदीतल्या एका ऑगस्टमध्ये कुवेतला माझ्या स्कॉटिश साहेबाचा एसी बंद पडला. त्याच्या रुमैथिया भागातल्या घरी मी एक येवल्याचा मेकॅनिक घेऊन गेलो. नाव विचारायचं राहूनच गेलं. दिसेल ते कापड चिमटीत धरून पाहायची त्याला खोड होती. साहेबाचा शर्ट तपासून झाल्यावर तो भिंतीवरच्या फोटोकडे वळला. साहेबाचे पणजोबा हातमागावर विणायचे, त्यांचं ते घर.

"विचारा त्यांना, जमीन मातीची होती ना? ओल नसली की सूत तुटतं."

मी विचारलं. साहेब उडालाच. "येस, येस!"

"घर मागाचंच असतं. आपण नुसते भाडेकरू," मेकॅनिक म्हणाला.

मग तासभर दोघं सोफ्यावर बसून हवेतल्या हवेत पाय मारत माग चालवत होते. एसी तसाच. मी मात्र इतका घामाघूम झालो, की त्या खोलीत सुताची तुटायची बिशाद नव्हती.