उखा बोरखिंड उतरला तो दिवस

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमची सॅपर्सची तुकडी शिरपूरबाहेर एका आमराईत तंबू ठोकून होती. सॅपर म्हणजे रस्ते नि पूल बांधणारा शिपाई. शत्रू आमच्यापासून फार लांब होता. पण आग्रा रोडवरचा पूल कधी तुटला, तर लष्करी गाड्या सातपुड्यातून दुसऱ्या वाटेने नेता येतील का, हे वरच्यांना हवं होतं. नकाशावर खिंडी होत्या, पण त्या कुणी नीट पाहिलेल्या नव्हत्या. खेचरं सगळी बर्मा फ्रंटला गेली होती. म्हणून कंपनी कमांडरांनी आम्हा तिघांना सायकली दिल्या आणि सांगितलं, "एकेक खिंड चढून पाहा. मोटार जाईल की नाही एवढंच मला कळवा."

तिघे म्हणजे हवालदार जाधव, सॅपर उखा आणि मी. हवालदार साताऱ्याकडचे, बोलणं मोजकं. मी भडगावचा, तेव्हा नाईक होतो. उखाचं गाव तापीकाठी, शिरपूरपासून जवळच. फौजेत येण्याआधी तो बाजारात सायकलींचे पंक्चर काढायचा. आमच्या सायकली लष्करी, जड, काळ्या. चढावर त्या आम्हालाच खांद्यावर घ्याव्या लागायच्या. उखा मात्र स्वतःचीही घ्यायचा आणि चढ फारच उभा असला तर खाली येऊन माझीही न्यायचा.

काम शांततेचं होतं. उजाडायच्या आत निघायचं. सपाटीवर सायकल, चढावर पायी. वळणाची रुंदी टेपने मोजायची, चढ किती ते यंत्रातून बघायचं, पाणी कुठे आहे ते टिपायचं. दिवसभरात एखादा गुराखी किंवा मध काढणारा पावरा आदिवासी भेटायचा, तेवढाच माणूस. दुपारी सागाच्या सावलीत भाकरी खायची. खरं सांगतो, फ्रंटवर मुलं मरत असताना आपण इथे डोंगर बघत हिंडतोय, याची मला कधी कधी लाज वाटायची.

चैत्रात आम्ही बोरखिंडीवर पोहोचलो. दक्षिणेकडून थेट वर येणारी वाट कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून पश्चिमेच्या सोंडेने लांबचा वळसा घेऊन आलो होतो, मधे एक मुक्काम करून. खिंडीतला झरा नकाशावर होता. प्रत्यक्षात तिथे भेगाळलेला चिखल होता. तिघांकडे मिळून दोन छागली, म्हणजे कॅनव्हासच्या दोन पिशव्या, एवढंच पाणी उरलं.

अकराच्या सुमारास मी कडेने सायकल ढकलत होतो. पायाखालचा मुरूम सरकला. सायकलीसकट मी घळीत गेलो. थांबलो तेव्हा उजवी मांडी वेगळ्याच दिशेला वळलेली होती आणि हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. माझ्या सायकलीला बांधलेली छागल फुटली होती. पाणी दगडावर पडून तिथेच वाळलं.

हवालदार नि उखा घसरत खाली आले. हवालदारांनी फील्ड ड्रेसिंग बांधलं. मोजणीची लाल-पांढरी काठी मोडून पायाला दोन्ही बाजूंनी लावली. मी ओरडलो असेन, पण मला ते आठवत नाही. त्यांनी मला घळीतून ओढून सपाटीवर घेतलं आणि सागाच्या दोन खोडांना ग्राउंडशीट बांधून सावली केली.

"आल्या वाटेने याला नेता येणार नाही," हवालदार म्हणाले. "दोन दिवस लागतील. तेवढं पाणी नाही."

उखा कड्यावर जाऊन खाली बघून आला.

"धूर दिसतोय, साहेब. वस्ती आहे. निम्म्याखाली लाकडाच्या गाड्यांची चाकोरी पण दिसते."

"ती वाट आपण पाहिलेली नाही."

"बघायलाच आलोय ना, साहेब?"

हवालदारांनी कड्यावर जाऊन स्वतः खाली पाहिलं. मग म्हणाले, "मी जातो. तू याच्याजवळ थांब."

"तुम्हाला ड्रेसिंग येतं. मला सायकल येते," उखा म्हणाला.

हवालदारांनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली.

उखाने कुऱ्हाडीने एक फांदी तोडली आणि दोरीने सायकलीच्या मागे बांधली. उतारावर सायकल सुटू नये म्हणून ती फांदी मागून फरफटत राहते, ब्रेकचं काम करते. उरलेली छागल त्याने माझ्या उशाशी ठेवली. हवालदारांनी त्याला त्यातलं घे म्हणून सांगितलं, पण त्याने बाटलीसुद्धा भरून घेतली नाही. मग माझ्याजवळ बसला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तू डोया मिटू नको. मी आते जास नि मानसं लई येस." म्हणजे आता जातो नि माणसं घेऊन येतो.

"जपीन जाय," मी म्हणालो.

वरचा टप्पा तो सायकल खांद्यावर घेऊन उतरला. मग खालून फांदीचा खरखर आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग थांबला. आम्हाला वाटलं, तो वस्तीत पोहोचला.

दुपार गेली, संध्याकाळ झाली. कुणी आलं नाही. हवालदार मला बाटलीच्या बुचाने पाणी देत होते. स्वतः ओठ ओले करत होते, तेवढंच. पाय सुजून मांडीएवढा गुडघा झाला होता. मला ताप भरला.

"साहेब, मला ठेवून तुम्ही जा," मी म्हणालो.

"गप्प राहा."

"दोघं मरण्यापेक्षा..."

"नाईक, हुकूम मी देतो. गप्प राहा."

सकाळी छागल उलटी केली तर चार थेंब आले. हवालदारांची जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते. त्यांनी रायफलच्या तीन फैरी हवेत झाडल्या. थोड्या वेळाने आणखी तीन. मी कान देऊन ऐकत होतो. डोंगरातून आमचाच आवाज परत येत होता. उखा आम्हाला सोडून गेला असं काही मनात आलं नाही. पण आता कुणी येणार नाही, हे मी मनाशी धरलं होतं. घरी आईला कोण सांगेल, याचा विचार करत होतो.

ऊन चढल्यावर खालून हाळी ऐकू आली. हवालदार उठायला गेले आणि पडले. सहा-सात पावरे वर आले, एक बांबू नि घोंगडी घेऊन. सोबत एक बाई होती, डोक्यावर पाण्याचं मडकं. तिने आधी मला पाजलं, मग हवालदारांना.

"आमचा माणूस कुठे आहे?" हवालदारांनी विचारलं.

त्यांच्यातला म्हातारा घोंगडीची गाठ आवळत राहिला. मग त्या बाईने खालच्या बाजूला हात केला आणि तोंडाला पदर लावला.

मला झोळीत घालून ते उतरू लागले. चाकोरी सुरू होते तिथल्या दुसऱ्या वळणावर सायकल पडलेली होती. पुढचा फोर्क तुटला होता. फांदीची दोरी घासून तुटली होती. हँडल छातीत घुसलं असावं. तिथून पुढे धुळीत फरफटत गेल्याची खूण होती, खूप लांबपर्यंत. तो पायावर उभा राहिलाच नव्हता.

खाली मोहाच्या झाडांपाशी ती खूण संपली. पहाटे बायका मोहाची फुलं वेचायला येतात. त्याच बाईला तो सापडला होता. तोपर्यंत जिवंत होता. म्हाताऱ्याने मोडक्या अहिराणीत त्याचे शब्द सांगितले: "वर खिंडमा दोन जन शेतस. पानी लई जा." बाईने त्याला पाणी पाजलं. एक घोट गिळला आणि गेला. त्यानंतर ती माणसं बांबू तोडून पळत वर आली होती.

उखाला त्यांनी झाडाखाली ठेवून वर पळसाची पानं घातली होती. मी झोळी थांबवायला सांगितली. हवालदारांना उभं राहवत नव्हतं. खोडाला धरून ते उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला. मी झोळीत पडूनच केला.

धुळ्याच्या इस्पितळात माझा पाय वाचला, पण आखूड झाला. पेन्शनीत निघालो. बोरखिंडीतून मोटार जाणार नाही, असा रिपोर्ट हवालदारांनी दिला. तिथून कधी फौज गेली नाही, जायची वेळही आली नाही. उखा गोळीने पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

कुबडी घेऊन चालता येऊ लागल्यावर मी त्याच्या गावी गेलो. त्याची आई ओट्यावर तूर पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. काय झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सूप तसंच हातात होतं.

मी थांबल्यावर तिने विचारलं, "त्याले पानी भेटनं का रे भाऊ?"

"भेटनं, माय. एक घोट."

"कोनी पाजं?"

"तठली एक बाई व्हती."

तिने सूप खाली ठेवलं.

"मंग तिले सांग," ती म्हणाली, "उखानी माय तुन्हं नाव इचारी ऱ्हायनी."