शितोळेजींची भीती

शितोळेजी लिफ्टमध्ये एकदम कधी चढत नसत. आधी रिकामी लिफ्ट वर पाठवायचे. ती धड परत आली की मग देवाचं नाव घेऊन आत शिरायचे. पणजोबा होळकरांच्या फौजेत, आजोबाही फौजेत, आणि हे पाल दिसली की खुर्चीवर. "घराण्याची सगळी हिंमत तिकडेच खर्च झाली भिया, माझ्या वाट्याला फक्त मिशा आल्या," असं स्वतःच सांगायचे. भैयाला ते भिया म्हणत. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. गेल्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आमच्या अपघाताबद्दल लिहावंच लागतं.

देपालपूरहून एक लग्न आटोपून येताना ट्रकनं आमच्या स्कूटरला उडवलं. दोघी मुली मामाकडे होत्या म्हणून वाचल्या. माझा उजवा हात मोडला, बायकोच्या, सुनीताच्या, खुब्याला जबर मार बसला. मी खाजगी शाळेत शिकवतो, ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर. कामावर गेलो नाही की दोघांचाही पगार बंद. पडल्या पडल्या मी हिशेब करायचो. आम्ही दोघंही असेच राहिलो तर मुलींचं काय?

सुनीता धरून धरून चालायला लागली आणि ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस घरी आला. सफरचंदं घेऊन. "सर, कोर्ट में तो बरसों निकल जाएँगे. अभी साइन कर दो, इसी हफ्ते पैसा खाते में. मैडम तो चल ही रही हैं." सही केली की पुढे काही मागता येणार नाही, हेही तो म्हणाला, पण माझ्या कानात 'इसी हफ्ते' एवढंच राहिलं. माझा हात प्लास्टरमध्ये म्हणून त्यानं अंगठ्यासाठी शाईचं पॅडसुद्धा आणलं होतं.

शितोळेजी चहाचा थर्मास घेऊन दारात उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, एक बार जरा खाली मांडी घालून दाखवा ना."

मी चिडलो. "शितोळेजी, ही काय वेळ आहे?"

"नाही भिया, वहिनी हर साल महालक्ष्म्यांपुढे किती वेळ मांडी घालून बसतात. चालणं तो ठीक है, पण बसता येतंय का, ते बघा."

खरंच, अपघातानंतर ती पलंग आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसलीच नव्हती. चालायला लागली म्हणजे बरी झाली, असं आम्ही धरून बसलो होतो. ती भिंतीला धरून खाली टेकली. पाय दुमडायला गेली आणि खुबा मध्येच अडला. चेहरा पांढराफटक पडला.

"आज सही नको," शितोळेजी म्हणाले. "पहले डॉक्टरला दाखवू."

"सोच लीजिए, ये ऑफर दुबारा नहीं आएगा," असं म्हणून तो माणूस पॅड खिशात घालून गेला.

थोड्या वेळानं बाहेर आलो तर शितोळेजी जिन्यात बसलेले. थर्मास तसाच मांडीवर. "मी चुकलो तर, भिया? तुमच्या पोरींच्या तोंडचा घास मीच काढला तर?"

मीही घाबरून त्यांच्या शेजारी बसलो.

तपासण्या लांबल्या. शितोळेजी रोज सकाळी आमच्यासाठी पोहे घेऊन यायचे, "काही कळलं?" विचारायचे, आणि नाही म्हटलं की तोंड पाडून जायचे. थोरलीच्या फीसाठी शाळेतून फोन आला, त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. पोहे मात्र खाल्ले.

शेवटी तुकोगंजच्या डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा तेही सोबत आले. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड आतून मरत चाललंय, सांधा बदलावा लागेल. विम्याचा माणूस देत होता त्यात एवढं ऑपरेशनसुद्धा निघालं नसतं.

बाहेर येऊन मी त्यांचा हात धरला. "शितोळेजी, तुम्ही बरोबर होतात. वाचवलंत आम्हाला."

मला वाटलं, मिशांवर हात फिरवतील. ते बाकावर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"काय वाचवलं भिया? मी तर रोज अन्नपूर्णा मातेला सांगत होतो, मला खोटं पाड. सारी बिल्डिंग हसू दे माझ्यावर, पण वहिनींना काही निघू देऊ नको."