दैवशालाबाई गप्प बसायला शिकल्या

दैवशालाबाई शेजूळ वर्गात शिकवायला लागल्या की शाळेसमोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाया गिरणीवाल्याला म्हणायच्या, "जरा बंद कर की बाबा, भागाकार ऐकू दे." जालना जिल्ह्यात बदनापूरपासून आतल्या अंगाला खडकवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई चौथीला शिकवत. आवाज खणखणीत आणि शिकवण्यावर जीव इतका, की प्रश्न विचारल्यावर पोरांना उत्तर शोधायची तोशीस नको म्हणून उत्तरही त्याच देऊन टाकायच्या. पोरं खुशीत, बाईही खुशीत.

अशात मुख्याध्यापक रखमाजी सरांनी कुठल्याशा संस्थेकडे अर्ज केला. देशोदेशीच्या शाळांच्या जोड्या लावायच्या, शिक्षकांनी एकमेकांचं शिकवणं बघायचं आणि त्यातून आपलं सुधारायचं, असा तो उपक्रम होता. खडकवाडीची जोडी लागली पोर्तुगालमधल्या एका खेड्यातल्या शाळेशी. तिथल्या बाईंचं नाव कळलं, फातिमा. सर एकदम खुलले.

"म्हंजी उर्दू चालतंय की! आपण निजामाच्या मुलखातले. बिलकुल फिकीर करू नका, बाई. पहिलं बोलणं मी करतो."

पहिल्या व्हिडिओ कॉलला सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. इकडं पोरांची खिचडी खाऊन झालेली, तिकडं नुकतीच सकाळची शाळा भरलेली. पडद्यावर करड्या केसांची, गळ्यात क्रूस घातलेली एक बाई दिसली. सर कमरेत वाकून म्हणाले, "आदाब अर्ज है, मोहतरमा!"

ती गोड हसली. "बों दिया!"

"काय दिया म्हणते?" सरांनी हळूच विचारलं.

ते तिकडचं 'शुभ सकाळ' होतं. आणि फातिमा हे त्या देशातल्या ख्रिस्ती घरांमधलं अगदी नेहमीचं नाव निघालं. त्या दिवसानंतर सरांनी सगळं बोलणं दैवशालाबाईंवर सोपवलं. बाईंचं इंग्रजी मोडकंच होतं. पण फातिमाबाईंचंही तितकंच मोडकं असल्यामुळे दोघींचं चांगलं जमलं.

नियम साधा होता. दोघींनी आपापल्या एका तासाचं चित्रण एकमेकींना पाठवायचं. पाहणारीनं ना कौतुक करायचं ना चुका काढायच्या, फक्त एक प्रश्न विचारायचा. दैवशालाबाईंनी अपूर्णांकाचा तास पाठवला. असा तास झाला होता की त्यांचा त्यांनाच अभिमान वाटला. फातिमाबाईंचा प्रश्न आला: "मुलं बोलतात तो भाग पाठवायचा राहिला का?"

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्यासमोर मोबाइल धरला. सोमेश्वरराव एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात कामाला होते, दिवसभर मशिनींच्या घरघरीत राहून आलेले.

"अहो, बघा बरं. इतका चांगला तास, अन् ही बया काय इचारून राह्यली!"

सोमेश्वररावांनी सगळा तास पाहिला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तूच इचारती, तूच सांगती, अन् वरून 'बराबर आहे का?' हेबी तूच म्हणती. पोरं नुसती माना हालवून राह्यली."

"तुम्हाला काय कळतंय शिकवण्यातलं?"

"न्हाई कळत. मला फक्त मान हालवण्यातलं कळतं."

बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण त्या दोन दिवसांत त्यांनी ते चित्रण चोरून पुन्हा पाहिलं. नवऱ्याचं म्हणणं खरं होतं, आणि राग त्याचाच जास्त होता.

मग त्यांनी फातिमाबाईंचा तास डोळ्यांत तेल घालून पाहिला. तिथं मुलं जोडीजोडीनं चर्चा करत होती आणि बाई मांजराच्या पावलांनी मधून फिरत होत्या. दैवशालाबाईंनीही प्रश्न पाठवला: "खिडकीपाशी दोन पोरं तास संपेपर्यंत फुटबॉलची चित्रं काढत होती, ती कोणत्या विषयाची चर्चा?" तिकडून मोबाइलवर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे इमोजी चेहरे आले आणि खाली कबुली: "मला दिसलंच नव्हतं!" हिशेब बरोबरीत सुटला. दोघींची खरी मैत्री तिथून जमली.

आता गप्प बसायचं, असं बाईंनी ठरवलं. सोमवारी तोंड उघडू नये म्हणून दाढेत लवंग धरून त्या वर्गात गेल्या. फळ्यावर प्रश्न लिहिला आणि थांबल्या. पोरं बाईंकडे पाहत राहिली, बाई पोरांकडे. नेहमीप्रमाणे उत्तर बाईंकडून यायचं होतं, ते येईना. पोरं घाबरली. एकानं पळत जाऊन खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाईंना सांगितलं. त्या पदराला हात पुसत आल्या, हातात ओव्याचं गरम पाणी.

"घसा बसला का काय, बाई?"

"न्हाई हो, मावशी. म्या मुद्दाम गप बसून राह्यले."

गोजरबाईंनी बाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "तरीबी प्या."

पहिले काही दिवस असेच फजितीचे गेले. फातिमाबाईंनी सुचवलं, की आधी प्रत्येकानं शेजाऱ्याला उत्तर सांगायचं, मग वर्गाला. पोरांनी शेजाऱ्याला सांगायचं ते सांगितलं, पण ते पेन्सिल कुणी चोरली याबद्दल होतं. बाई मात्र हटल्या नाहीत. हळूहळू पेन्सिलीचे झगडे मिटले आणि गणितावरून झगडे सुरू झाले. बाईंना ते ऐकायला फार गोड वाटलं. बदल्यात फातिमाबाईंच्या वर्गानं पाढे तालावर म्हणायची तऱ्हा उचलली. तिकडची पोरं बाकं बडवत आपल्या भाषेत सातचा पाढा म्हणायला लागली.

मग ठरला दोन्ही वर्गांचा एकत्र तास. स्वयंपाकघरातली एकेक वस्तू दाखवायची आणि आपल्या भाषेतलं नाव सांगायचं. ग्रामपंचायतीतला टीव्ही आणून वर्गात लावला. तिकडच्या एका पोरानं बटाटा वर धरला आणि म्हणाला, "बताता!"

मागच्या ओळीत तृप्ती बसायची. हजेरीतल्या 'हजर' शब्दाशिवाय तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती एकदम उठून उभी राहिली आणि ओरडली, "बाई, ते बटाटाच म्हणून राह्यलं!"

मग काय विचारता! पोरं स्वयंपाकघराकडे धावली. गोजरबाई "अरे, माझी बादली!" करत मागं. बादली दाखवली, तिकडून उत्तर आलं, "बाल्द!" साबण दाखवला, "साबांव!" तृप्तीनं आपली वेणी पुढं घेऊन लाल फीत दाखवली. पडद्यावरच्या साऱ्या मुली ओरडल्या, "फीता!"

"त्यांनी आपले शब्द चोरले!" एक जण म्हणाला.

"न्हाई, ते बटाटे विकायला आल्ते जालन्याला," राधेश्याम म्हणाला. "रेल्वेनं आल्ते."

दैवशालाबाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं येऊन उभं राहिलं, गलबतं, गोव्याचा किनारा, चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास. रेल्वेनं आलेले पोर्तुगीज ऐकून तर त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी दाढेतली लवंग कचकन चावली. पडद्यावर फातिमाबाईही ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींना हसू आवरेना.

शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "कोणाचा शब्द कोणी घेतला, कसा घेतला, ते तुम्हीच शोधा. पुढच्या शुक्रवारी आपण त्यांना सांगू."

पोरांनी गाव पिंजून काढलं. कुणी नवीन जालन्यातल्या मामाला फोन लावला, कुणी सरांना भंडावून सोडलं. शुक्रवारी राधेश्यामनं स्वतःच रेल्वे मागं घेतली आणि तिच्या जागी जहाज आणलं. बाईंनी नुसती मान हलवली. तसं वागणं त्यांना अजून परकंच वाटायचं, पण बरं वाटायचं.

नंतरच्या आठवड्यात तृप्तीची आई कौसल्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, काय करून ठेवलं तुम्ही माझ्या पोरीचं? आधी तोंडातून शब्द निघत नव्हता. आता जेवताना इचारती, ह्याला भाकर का म्हणत्यात? झोपताना इचारती, गोधडीचं नाव कोणी ठेवलं? बाजारात गेल्ते, तर अननस हे नाव कुठून आलं म्हणून अननसवाल्याचं डोकं खाल्लं तिनं. हिला गप कसं करायचं, तेवढं सांगा."

दैवशालाबाईंनी दाढेतली लवंग गालात सरकवली.

"त्याच्यासाठी लई मेहनत लागती, कौसल्याताई," त्या म्हणाल्या. "मला अजून माझंच पुरतं जमलं न्हाई."