दुपारी तीनचा श्वास

"मॅडम, पब्लिक सो जाती है," केबलवाले नरेशभाई म्हणाले. माझा कार्यक्रम बंद करायचं त्यांच्या मनात होतं.

ते खोटं बोलत नव्हते. मी मीरा रोडला फिजिओथेरपिस्ट होते. दम्याचा जुनाट आजार असलेले माझे पेशंट क्लिनिकचा जिना चढूच शकत नसत. तेव्हा घरोघरी केबल होती, इंटरनेट क्वचित. म्हणून लोकल चॅनलवरूनच त्यांच्या घरी जायचं ठरवलं. नरेशभाईंच्या ऑफिसात निळ्या चादरीपुढे बसून एक कॅसेट शूट केली. ती रोज तीनला लागायची. नाकाने हळू श्वास घ्या, ओठांचा चंबू करून त्याहून हळू सोडा. समोर दिव्याची ज्योत आहे समजा, ती हलली पाहिजे, विझता कामा नये. याला आम्ही पर्स्ड लिप ब्रीदिंग म्हणतो. अडकलेली हवा त्याने बाहेर पडते आणि घाबरलेला माणूस शांत होतो. धडधाकट माणूस झोपतो.

जवळच्या बेव्हर्ली पार्कच्या भाजीवाल्याकडे बायका मला 'झोपवाली मॅडम' म्हणू लागल्या. मला राग यायचा, आणि थोडं बरंही वाटायचं. दुपारी रस्त्याने निघाले की खिडक्यांतून माझाच आवाज संथ वाहत यायचा. पडदेसुद्धा त्याच लयीत आत-बाहेर होतायत असं वाटायचं.

कॅसेटमध्ये एक घोटाळा होता. मध्येच ऑफिसचा फोन वाजला होता आणि मी डोळे न उघडता "एक मिनिट" म्हणाले होते. ते कापायचं राहून गेलं.

माझ्या पेशंट हिरामावशी खाडीकाठच्या मुर्धा गावच्या. आयुष्य चुलीच्या धुरात गेलेलं. दम लागला की जीव जातोय या भीतीनेच तो आणखी वाढायचा. मग मुलगा जनार्दन कामावरून धावत येऊन त्यांना हॉस्पिटलात न्यायचा. त्याला आता आईला कायमचं पेणकरपाड्याला आपल्या फ्लॅटवर न्यायचं होतं. मावशींना खाडीकडचं घर सोडायचं नव्हतं. दिवसभर एकटीला दम सांभाळता येईल का, ते मी बघून सांगायचं आणि दोघांनी ऐकायचं, असं ठरलं. खरं सांगायचं तर मी जनार्दनच्या बाजूची होते.

मावशींनी तीनलाच बोलावलं; जनार्दनही सुट्टी घेऊन थांबला होता. टीव्हीतली मी आणि खरी मी, दोघींना शेजारी बघायचं होतं म्हणे.

तीन वाजले आणि टीव्हीवर साड्यांचा सेल लागला. नरेशभाईंनी मला न सांगताच काढून टाकलं होतं. मावशी नेमक्या तेव्हाच अंगणातली सुकी मासळी उचलून आत येत होत्या. टीव्हीकडे बघून थबकल्या आणि त्यांना दम चढला. खांदे वर-खाली व्हायला लागले. जनार्दन रिक्षा आणायला उठला. औषधाचा पंप घेऊन मीही उठले.

मावशींनी हात वर करून आम्हाला थांबवलं. टेबलावर कोपर टेकले, डोळे मिटले, ओठांचा चंबू केला. बाहेर खाडीला भरती येत होती. कोणीतरी टीव्ही बंद केला, बहुधा मीच. त्या शांततेत त्यांचा श्वास हळूहळू लांबत गेला. मग अचानक त्या थांबल्या आणि मी पंप पुढे केला.

"एक मिनिट," त्या पुटपुटल्या, अगदी माझ्याच सुरात. आणि पुन्हा सुरू झाल्या.

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

खांदे खाली आल्यावर त्यांनी डोळे उघडले. "टीव्हीन तू न्हाय आयलीस. मंग मीच केला," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "तो फोन कोनाचा व्हता गो बाय?"

जनार्दन माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "राहू दे त्यांना इथंच."

त्याने घरातला फोन ओढून आईच्या खाटेशेजारी ठेवला.

आपण शिकवलेलं पोचलं की नाही, हे टीव्ही बंद असतानाच कळतं. पुढे पेशंटांसाठी मी सीडी केली. तेव्हा फोनचा रिसीव्हर आधी काढून ठेवला. 'एक मिनिट' मात्र मुद्दाम म्हटलं.