सासूबाईंना मी खरं सांगायची

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. मुलीच्या नाही, नणंदेच्या नाही. देवाला माहीत असेल तर असो, पण माझ्या तोंडून त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बसा. फक्त मध्येच "अहो, होतं असं" म्हणू नका — ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

शेजारच्या इंदुबेन जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तमे तो देवी छो, बेन." देवी! देवीला सकाळपासून तिसरी चादर धुवावी लागते का हो? देवी न्हाणीचं दार उघडं टाकून आंघोळ करते का — पाणी अंगावर आणि कान बाहेरच्या कडीकडे?

आमचे हे गेले तेव्हा सासूबाईंचं विसरणं बरंच पुढे गेलं होतं. घरात माणसं जमलेली, आणि त्या मला विचारतात, "कुणाचं लग्न आहे गं?" तेव्हाच सगळ्यांनी ठरवलं, आईंना सांगायचं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. सांगाल तितक्या वेळा त्यांना नव्याने धक्का बसेल, त्यापेक्षा काहीतरी गोड कारण द्या. हे डभोईच्या शाळेत मास्तर होते, तीस वर्षं बसने जा-ये केली. म्हणजे कारण तयारच. "बाळू कुठाय?" — "डभोईला गेलाय, संध्याकाळच्या बसने येईल."

सोपं वाटतं ना? सगळ्यांना वाटायचं. ते सांगून आपापल्या घरी जायचे! पण मुलगा बसने येणार म्हटल्यावर आई झोपेल का? जेवण झालं की दाराशी खुर्ची. बस आली का गं? उशीर का झाला? भुकेला असेल तो. दर पाच मिनिटांनी. मग कडी काढायची, जिना उतरायचा. एकदा नागरवाड्याच्या भर रस्त्यात सापडल्या — एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात यांची.

आणि मुलगी बंगळूरहून फोनवर सांगणार, "आई, तू स्वतःसाठी वेळ काढ. दीर्घ श्वास घे. एखादा छंद लाव." नणंदबाई निजामपुऱ्यात, रिक्षाने पंधरा मिनिटं. पंधरवड्यातून एकदा खमण घेऊन यायच्या, आईच्या गालावरून हात फिरवायच्या आणि जाताना म्हणायच्या, "वहिनी, तब्येतीला जपा हं." जपते ना. कधी जपू? दीडपासून सातपर्यंत मी एका न येणाऱ्या बसची वाट बघत दार अडवून उभी — श्वास कधी घेऊ, छंद कुठे लावू?

राग यायचा मला. सल्ले देणाऱ्यांचा यायचा, गेलेल्या माणसाचाही यायचा — स्वतः सुटले आणि आई माझ्या गळ्यात घालून गेले. राग अजून आहे. म्हातारपणी निवतो म्हणतात. कुणाचा निवतो कोण जाणे.

मी लांबण लावतेय. कळतंय मला.

एका दुपारी चादर पिळत होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, बाळू कुठाय म्हणून. मी वळलेसुद्धा नाही. म्हणाले, "मेला तुमचा बाळू."

मेला. ज्या माणसाचं कधी नाव घेतलं नाही, ज्याच्याबद्दल मी "गेले" एवढंच म्हणायची, त्याच्यासाठी हा शब्द. आणि तोंडातून निघाल्यावर — बरं वाटलं.

त्या रडल्या. आई रडते तशा. माझा पदर धरून, खाली बसून. कधी? कसा? मला का नाही बोलावलं? थोड्या वेळाने का रडतोय ते विसरल्या, पण रडणं थांबेना. मग दमल्या. पलंगावर आडव्या झाल्या आणि चारपर्यंत गाढ झोपल्या.

मी दाराला कडी घातली. चहा केला. गॅलरीतल्या हिंचक्यावर बसून, गरम असतानाच प्यायले.

तो पहिला दिवस रागाचा होता, एवढ्यावर थांबले असते तर तुम्हाला सांगायलाही आले नसते. दुसऱ्या दिवशी मी रागात नव्हते. जेवण झालं, त्यांचं तोंड पुसलं, पलंगावर नेलं. आधी उशी नीट लावली. मग सांगितलं.

ऐकलंत ना? आधी उशी लावली.

तिसऱ्या दिवशीही. मग रोजच, जेवणानंतर, औषधाची गोळी द्यावी तसं. रविवार सोडून. रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल असायचा, रडलेले डोळे दिसले असते. त्या दिवशी बाळू डभोईला. बाकी सहा दिवस बाळू मेलेला. दर वेळी त्यांना पहिल्यांदाच कळायचं. माझा पदर तसाच धरायच्या. कधी? कसा? आणि मी मनात मोजायची, आता दमतील.

मी दुपारी केसांना तेल लावू लागले. पुस्तक वाचू लागले. "आई, तुझा आवाज किती छान येतोय," मुलगी म्हणाली. "काढतेस ना वेळ?" काढते म्हटलं.

यांच्यासाठी आणखी कुणी रडावं असं मला वाटत होतं, वगैरे म्हणायला सोपं आहे. तसं काही नव्हतं. मला दुपार हवी होती. ती कशातून मिळते ते मला सापडलं आणि मी ते वापरलं. चांगले आठ महिने. सासूबाई आजारी पडून अंथरुणाला खिळल्या, विचारायच्या थांबल्या, तेव्हा ते थांबलं. मी थांबवलं नाही.

त्यांच्या तेराव्याला घर भरलेलं होतं. नणंदबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वहिनी, एक मात्र बरं झालं हो. दादा गेल्याचं आईला शेवटपर्यंत कळलं नाही. पोटच्या पोराचं दुःख तिने बघितलं नाही. तुम्ही बघू दिलं नाहीत."

"हो, वन्सं," मी म्हणाले. "नाहीच कळलं त्यांना."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला.