अंगणातली आकृती

“ए अंगणातल्या, तू सांग. या त्रिकोणात काटकोन कोठे आहे?”

सरांना आमची नावे ठाऊक होती; उच्चारण्याची गरज वाटत नसे. अंगणात पोत्यावर बसलेला धोंडिराम उठला. समोरच्या मातीकडे पाहून म्हणाला, “‘सी’पाशी हाय, सर.”

आतल्या खोलीत हशा उसळला. सर उंबऱ्यापर्यंत आले. त्यापुढे ते कधी येत नसत.

“तुला अंगणात बसू देतो, हेच जास्त झालं. भूमिती म्हणजे शेण्या थापणं नव्हे.”

पुन्हा हशा. त्या हशात माझाही आवाज होता. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे हात कचरेल.

गोष्ट सांगलीची, महायुद्धाच्या दिवसांतली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गणित सक्तीचे होते. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी हे प्राध्यापक स्वतःच्या घरी विनामूल्य जादा वर्ग घेत, आणि कॉलेजच्या समारंभात त्यांच्या या उपकाराचा दरवर्षी गौरव होई. वर्गाच्या मांडणीविषयी मात्र कोणी बोलत नसे. आत सतरंजीवर चांगल्या घरची मुले, तेथेच फळा. ओसरीवर मी. खाली अंगणात धोंडिराम. अंगणातून फळा दिसत नसे. त्याने भूमिती कानांनी शिकायची होती.

आम्ही दोघेही गावकुसाबाहेरचे. तो आटपाडीकडचा, मी पलूसजवळचा. परंतु माझे वडील पलटणीत राहून आलेले, माझा सदरा इस्त्रीचा, आणि बोलण्यातला गाव मी घासून काढला होता. तेवढ्यावर मला तीन पायऱ्या वर घेतले गेले. त्या तीन पायऱ्यांचा मला अभिमान होता. आज तो आठवला की स्वतःची शिसारी येते.

धोंडिरामाला पास होणे भाग होते. नापास झाला तर वसतिगृहातली जागा जाणार, आणि बापामागे गावकीची चाकरी त्याच्या गळ्यात पडणार. हे मला माहीत होते. माझे काम एवढेच की, दारातून दिसणारा फळा पाहायचा आणि खाली उतरून काडीने तीच आकृती त्याच्यापुढे मातीत काढायची. सर याला ‘सोय’ म्हणत. त्या दिवशी मी घाई केली. मातीत उकिडवा बसलेला मी आतल्या मुलांना दिसू नये, एवढीच ती घाई. तीत बी आणि सी यांच्या जागा उलटल्या. फळ्यावर काटकोन बीपाशी होता. धोंडिरामाने मातीत होते ते अचूक वाचले.

सर आत वळल्यावर तो मला हळूच म्हणाला, “आकृती तू काढलीस न्हवं? सांग की रं त्यास्नी.”

मी वहीत डोके घातले.

त्याने टाचेने आकृती पुसली. पोते झटकले, घडी घातली.

“बस बाबा वर. लय उंच हाय तुझी वसरी.”

आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी रिकाम्या अंगणाकडे पाहिले. त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. “बरं झालं. तू शहाणा आहेस. आता इथे उंबऱ्याशी येऊन बस.”

मी उठलो. एक पाऊल टाकलेही. तेव्हा खालच्या मातीत त्याच्या टाचेचा ओरखडा दिसला. टाकलेले पाऊल मागे घेतले.

“सर, काल चूक माझी होती. आकृती मी उलटी काढली. फळा अंगणात आणायला हवा.”

“फळा कोठे असावा हे आता तू ठरवणार?”

“नाही, सर. मी कोठे बसावं, ते ठरवतो.”

तीन पायऱ्या उतरलो. परत त्या घरी गेलो नाही.

याला धैर्य म्हणू नये. धैर्याची वेळ एक दिवस आधी होती. वसतिगृहात धोंडिरामाची समजूत घालू लागलो, तुला मी शिकवतो म्हणालो. तो म्हणाला, “तुज्याकडनं शिकलो की एकडाव. आता नगं.” परीक्षेत तो गणितातच गेला. ट्रंक डोक्यावर घेऊन आटपाडीच्या वाटेला लागला. निरोप घ्यायला माझ्याकडे आला नाही.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. साताऱ्यात कॉलेजात गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी कच्च्या विद्यार्थ्यांचा जादा वर्ग माझ्याकडे सोपवला आणि जागा दाखवली: मागच्या बाजूला, मोडक्या बाकांच्या कोठीत. “बाकीच्यांच्या नजरेला नको, इतकंच,” ते मृदू स्वरात म्हणाले. तोच उंबरा. फक्त रंग नवा दिलेला.

मी लेखी कळवले आहे. वर्ग मोठ्या सभागृहात होईल, दारे उघडी ठेवून, मोठ्या फळ्यावर. मान्य नसेल तर राजीनामा सोबत जोडला आहे.

सोमवारी मी सभागृहात जाणार. पहिल्या तासाला तीच आकृती काढणार, बी आणि सी उलटे. ती कोणी काढली आणि शिक्षा कोणाला झाली, ते सांगणार. धोंडिरामाचे नाव मोठ्याने उच्चारणार. क्षमा मागण्यासाठी नव्हे; तो हक्क मी त्या अंगणात गमावला. चूक कोणाची होती, ते फळ्यावर सर्वांना दिसावे म्हणून.